दीड स्टॉप

मुर्झाने पहिली गोष्ट सांगितली ती ही:
कॅमेऱ्याचा पांढऱ्यावर विश्वास नसतो.
समोर एवढा लख्ख बर्फ,
आणि त्याचा मीटर म्हणतो, छे, इतका उजेड जगात असेलच कसा,
आणि सगळं राखाडी करून ठेवतो,
नीट न निघालेल्या चादरीसारखं.
"दीड स्टॉप वर घे," मुर्झा म्हणाला,
"वेळ पडली तर दोन. त्याचं ऐकत बसू नकोस."

मी लग्नांचे व्हिडिओ काढते.
अंधारी चर्चं, मेणबत्त्या, नवरीच्या कानामागचा घाम.
उजेड मागून आणायचा, चिमूट चिमूट वापरायचा,
हाताला तीच सवय.
इथे मेस्तियाच्या वर, हात्सवालीच्या उतारावर,
उजेड खालूनसुद्धा येतो.
हनुवटीखालून चढतो, नाकपुड्यांत शिरतो,
डोळे मिटले तर पापण्यांच्या आत लाल होऊन बसतो.
स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही.
मी कोट डोक्यावरून ओढून घेते
आणि आतल्या वीतभर काळोखात बघते, काय मिळालं.
पोरं ओरडतात, नातेला मावशीला डोकंच नाही!

एक बॅटरी काखेत. एक मोज्यात.

पर्यटन कचेरीच्या माणसाने बजावून ठेवलं होतं:
"मागे उश्बा हवा. दोन्ही शिखरं.
पोरं काय, येतील नि जातील."
पैसे तोच देणार होता. मी मान डोलावली.

पण सकाळीच बारीहून दारिकोचा फोन येऊन गेलेला.
तिथे ती कुणाच्या तरी आईला भरवते, पुसते, कुशीवर वळवते,
चौथं वर्ष.
"रोज बोलतो गं आम्ही," म्हणाली,
"पण फोनवर तो नेहमी बसलेला असतो.
चार वर्षं मी माझं पोर बसलेलंच बघतेय.
आणि तुझ्या मागच्या व्हिडिओत बर्फ किती सुरेख,
कण न् कण मोजून घ्यावा.
तोंडाच्या जागी मात्र बोटभर काळं.
कुणाचंही असतं ते."

मुलांची स्लॅलम. सतरा नंबर, गिग्ला.
वर ठिपका हलला, मी रिंगवर अंगठा ठेवला.
दीड.
चेहरा काळाच.
दोन. बर्फावरच्या रेघा गेल्या.
अडीच. काठ्यांच्या निळ्या सावल्या गेल्या.
मग उश्बाचं एक डोकं गेलं,
मग दुसरं,
आभाळ कधी गेलं ते कळलंही नाही,
आणि कुठेच काही नसलेल्या त्या जागेत
गिग्लाचं तोंड उगवलं:
दाताखाली ओठ, नाकाखाली चकाकणारी धार,
उजव्या गालावर उशीचा वळ, अजून न गेलेला.

चौथी काठी त्याने चुकवली.
थांबला. खाली बघितलं, वर बघितलं.
मग आडवा होऊन, खेकड्यासारखा,
एक पाऊल, एक पाऊल, परत वर चढायला लागला.
घड्याळ चालू. खाली टाळ्या थांबल्या.
कुणीतरी म्हणालं, सोड रे, ये खाली.
तो चढला, काठीला वळसा घातला,
आणि पुन्हा सुटला.

मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही.
तीन मिनिटं, अकरा सेकंद. शेवटून पहिला.

कचेरीतल्या माणसाने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला,
"डोंगर कुठाय?"
मी खिडकीकडे बोट दाखवलं.
अर्धेच पैसे मिळाले.

रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.
मुर्झाच्या बायकोने ओल्या चहाची पुरचुंडी करून दिली, ती ठेवून पडले,
दिवा मालवलेला, तरी आत सगळं पांढरंच.
फोन उशाशी थरथरला.
एक डोळा कसाबसा उघडून वाचलं.
दारिको. एवढंच:
"बूट कुणाचे घातलेत त्याने?
ढगळ होतायत.
वर चढताना टाच सुटत होती."